आखूड नळी आणि दारूचे माप

बंदुकीत दारू जास्त भरली की गोळी जास्त जोरात जाते, असे बहुतेकांना वाटते. वर्गात हा प्रश्न विचारला तर विद्यार्थीही हेच उत्तर देतील. हे उत्तर अगदी चूक नाही, पण अपुरे आहे. लांब नळीच्या बंदुकीत जी दारू उत्तम काम देते, तीच चार इंच नळीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये निम्मीअधिक वाया जाऊ शकते. गोळीचा वेग केवळ दारूच्या वजनावर ठरत नाही. ती दारू किती वेगाने जळते, किती जागेत कोंडलेली असते आणि जळत असताना गोळी किती वेळ नळीत राहते, या तीन गोष्टींचा मेळ बसावा लागतो. हा मेळ माणसाला समजायला दोनशेहून अधिक वर्षे लागली.

या इतिहासातले काही टप्पे रायगड जिल्ह्यातल्या कर्जत आणि खालापूर या घाटपायथ्याच्या तालुक्यांत आणि घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या खडकीत पाहता येतात. म्हणून आपणही तिथूनच सुरुवात करू.

प्रत्येक बार हाताने भरायचा

खोपोलीजवळचा उंबरखिंडीचा रणसंग्राम इतिहासाच्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतो. फेब्रुवारी १६६१ मध्ये कोकणात उतरू पाहणारी कारतलबखानाची फौज या अरुंद खिंडीत अडकली आणि शिवाजी महाराजांपुढे तिला शरणागती पत्करावी लागली. त्या काळातली बंदूक म्हणजे तोड्याची बंदूक. तिची नळी लांब असे. बंदूकवाला नळीच्या तोंडातून दारू ओतत असे, त्यावर गोळी टाकून गजाने ठासत असे, कानाशी रंजक घालत असे आणि जळता तोडा त्यावर टेकवून बार काढत असे.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की प्रत्येक बार हा हाताने भरलेला असे. आज ज्याला आपण काडतूस म्हणतो, म्हणजे दारू, गोळी आणि ठिणगी देणारी टोपी एकाच पुंगळीत बसवलेली तयार वस्तू, ती अस्तित्वात नव्हती. किती दारू ओतायची हे बंदूकवाल्याच्या अनुभवावर, त्याच्याजवळच्या मापावर आणि दारू कोणी कुटली आहे यावर अवलंबून असे. सोरा, गंधक आणि कोळसा यांचे हे मिश्रण. सोरा दमट असेल किंवा कोळसा नीट कुटला नसेल, तर मापभर दारूही फुसकी निघे. उलट दारू चांगली निघाली आणि माप मात्र जुनेच राहिले, तर नळी फाटण्याची भीती. म्हणजे दारूचे माप ठरवणे हा प्रत्येक बंदूकवाल्याच्या जिवाचा प्रश्न होता. हे ज्ञान हातात होते, पण ते मोजलेले ज्ञान नव्हते.

रॉबिन्सचा लोलक

मोजणी सुरू झाली ती अठराव्या शतकात. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये तोफा-बंदुकांच्या शास्त्रावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. गोळीचा वेग डोळ्यांनी पाहून मोजता येत नाही. त्या काळी सेकंदाचा हजारावा भाग मोजणारे घड्याळही नव्हते. रॉबिन्सने यावर एक साधी युक्ती काढली. त्याने एक जड लाकडी ठोकळा लोलकासारखा टांगला आणि त्यावर गोळी झाडली. गोळी ठोकळ्यात रुतली की ठोकळा मागे झुलतो. तो किती झुलला हे मोजले, की संवेग अक्षय्यतेच्या नियमावरून गोळीचा वेग काढता येतो.

हे उदाहरण दहावीच्या वर्गातही सोडवता येईल. गोळी ३० ग्रॅमची आणि ठोकळा ३० किलोग्रॅमचा आहे असे समजा. ठोकळ्याचे वस्तुमान गोळीच्या हजारपट आहे. म्हणून गोळी रुतल्यावर ठोकळ्याचा वेग गोळीच्या वेगाच्या सुमारे हजाराव्या भागाइतका असेल. गोळी सेकंदाला ५०० मीटर वेगाने आली, तर ठोकळा सेकंदाला अर्धा मीटर वेगाने मागे सरेल आणि झुलताना सुमारे सव्वा सेंटिमीटर वर उचलला जाईल. हे अंतर साध्या फितीने मोजता येते. न दिसणारा वेग दिसणाऱ्या अंतरात बदलला, यात रॉबिन्सचे खरे यश आहे. त्याच्या मापांनुसार पंचेचाळीस इंच नळीच्या बंदुकीतून गोळी सेकंदाला सुमारे १७०० फूट, म्हणजे ५०० मीटरहून थोड्या जास्त वेगाने सुटत होती.

रॉबिन्सने दारूच्या दाबाचाही अंदाज केला. दारू जळून निर्माण होणारा वायू सुरुवातीला हवेच्या दाबाच्या सुमारे हजारपट दाब देतो, असे त्याने मांडले. मग बॉइलच्या नियमाने हिशोब केला: गोळी पुढे सरकते, वायूला जागा वाढते, दाब कमी होतो. नळी जितकी लांब, तितका वेळ वायू गोळीला ढकलत राहतो; पण प्रत्येक पुढच्या इंचाला मिळणारी ढकल आधीच्या इंचापेक्षा कमी असते.

या हिशोबात रॉबिन्सने एक गृहीत धरले होते. गोळी जागची हलण्याआधीच सगळी दारू जळून तिचा वायू होतो, हे ते गृहीत. हिशोब सोपा होण्यासाठी ते सोयीचे होते. पण ते खरे नाही. दारूला जळायला वेळ लागतो. लांब नळीत ही त्रुटी फारशी जाणवत नाही, आखूड नळीत मात्र ती उघडी पडते.

पुढे ईस्ट इंडिया कंपनीने रॉबिन्सला आपला मुख्य अभियंता म्हणून हिंदुस्थानात पाठवले. किल्ल्यांची तटबंदी सुधारण्याचे काम त्याच्याकडे होते. मद्रासच्या दक्षिणेला असलेल्या फोर्ट सेंट डेव्हिड या किल्ल्यात १७५१ साली त्याचा मृत्यू झाला.

बोरघाटातला दगड आणि दारूचा रवा

दारू जळायला लागणारा वेळ कशावर ठरतो, हे समजण्यासाठी पुन्हा कर्जतला येऊ. बोरघाटातून रेल्वे नेण्याचे काम १८५६ ते १८६३ या काळात झाले. घाटातली चढण सुमारे १८३० फुटांची, जास्तीत जास्त चढ ३७ फुटांना एक फूट, आणि वाटेत पंचवीस बोगदे. डायनामाइटचा शोध लागला १८६७ मध्ये. म्हणजे हा सगळा काळा पाषाण फोडला तो साध्या काळ्या दारूने. एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर या कामावर होते. काही ठिकाणी कड्यावरून दोरांनी खाली सोडलेली माणसे पहारीने खडकात भोके पाडत. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ मध्ये काम हाती घेतल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट पुढे चालवून पुरे केले. साथीच्या रोगांनी आणि अपघातांनी किती मजूर गेले त्यांची नावे मात्र कुठे कोरलेली नाहीत.

सुरुंगाचे तंत्र पाहिले तर त्यात बंदुकीचेच तत्त्व दिसते. मोकळ्या जमिनीवर दारूची ओळ पेटवली तर ती भुरकन जळून जाते, मोठा आवाजही होत नाही. तीच दारू खडकातल्या भोकात भरून वरून मातीने ठासून बंद केली, की खडक फुटतो. कोंडल्यामुळे वायूचा दाब वाढतो, आणि दाब वाढला की उरलेली दारू अधिक वेगाने जळते. तिने दाब आणखी वाढतो. असे हे चक्र आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे दारूचा रवा. सुरुंगाची दारू जाड रव्याची, लांब बंदुकीची त्याहून बारीक आणि पिस्तुलाची सर्वांत बारीक, असा रिवाज कारागिरांनी अनुभवातून पाडला होता. याचे कारण गणिताने कळते. एक सेंटिमीटर बाजू असलेल्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याच घनाचे एक मिलिमीटर बाजूचे हजार तुकडे केले, तर वस्तुमान तेच राहते, पण एकूण पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर होते. दारूचा कण बाहेरून आत जळत जातो. म्हणजे रवा दहापट बारीक केला की पेटलेला पृष्ठभाग दहापट होतो. जाड ओंडका रात्रभर जळतो आणि त्याच्याच ढलप्या पाच मिनिटांत संपतात, हे चुलीपाशी बसणाऱ्या कोणालाही ठाऊक असते.

१८७५ साली अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल या दोघांनी जाड पोलादी भांड्यात दारू कोंडून पेटवली आणि दाब मोजला. तो हवेच्या दाबाच्या सुमारे ६४०० पट निघाला. रॉबिन्सचा अंदाज बराच कमी होता हे यावरून दिसले. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. दारूच्या वजनापैकी सुमारे ४३ टक्केच भाग वायू होतो. बाकीचे ५७ टक्के घन पदार्थ धूर आणि काजळीच्या रूपाने उरतात. जो वायू होतो तोच गोळीला ढकलतो. उरलेला भाग नळी घाण करतो आणि नेमबाजापुढे धुराचा पडदा उभा करतो.

चार इंचांची अडचण

सॅम्युएल कोल्टने रिव्हॉल्व्हरचे पेटंट १८३६ मध्ये घेतले. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात कोल्ट आणि अ‍ॅडम्स यांची रिव्हॉल्व्हरे लोकांनी पाहिली. १८५७ च्या उठावात कंपनीच्या अनेक अधिकाऱ्यांजवळ अशी शस्त्रे होती. या रिव्हॉल्व्हरांतही फिरत्या चक्रातले कप्पे हाताने भरावे लागत. पेटीत रिव्हॉल्व्हरबरोबर गोळ्या ओतण्याचा साचा आणि दारूची कुपी मिळे. कुपीच्या तोंडाला ठरावीक लांबीची तोटी असे. बोट लावून कुपी उलटी केली की तोटीत मावेल तेवढीच दारू पडत असे. उंबरखिंडीतल्या बंदूकवाल्याचे माप आता कारखान्याने तोटीत बांधून दिले होते.

पण कमरेला लावायचे शस्त्र आखूड हवे आणि हलकेही हवे. इथेच भौतिकशास्त्राची अडचण सुरू होते. ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये स्वीकारलेल्या वेब्ली रिव्हॉल्व्हरची नळी चार इंचांची, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटरची होती. तिची गोळी सुमारे १७ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला सुमारे १८० मीटर. आता आकडेमोड करून पाहू.

गोळीची गतिज ऊर्जा = १/२ × ०.०१७ × १८० × १८० = सुमारे २७५ ज्यूल.

ही ऊर्जा ०.१ मीटर अंतरात मिळाली. म्हणून सरासरी बल = २७५ ÷ ०.१ = २७५० न्यूटन, म्हणजे सुमारे २८० किलोग्रॅम वजनाइतके.

गोळीचा व्यास साडेअकरा मिलिमीटर, छेदाचे क्षेत्रफळ सुमारे एक चौरस सेंटिमीटर. म्हणून सरासरी दाब हवेच्या दाबाच्या सुमारे २६० पट.

गोळीचा नळीतला सरासरी वेग ९० मीटर धरला, तर नळीतून जायला लागणारा वेळ = ०.१ ÷ ९० = सुमारे १.१ मिलिसेकंद.

या हिशोबात घर्षण धरलेले नाही. तरीही शेवटचा आकडा फार बोलका आहे. रॉबिन्सच्या पंचेचाळीस इंची बंदुकीत गोळी याच पद्धतीने सुमारे चार मिलिसेकंद नळीत राहते. म्हणजे रिव्हॉल्व्हरमधल्या दारूला आपले काम पुरे करायला पाव वेळ मिळतो. त्या वेळात जी दारू जळली ती कामाची. जी त्यानंतर जळली ती नळीच्या तोंडाशी भपकन जाळ करून संपते. आखूड नळीच्या शस्त्राचा आवाज मोठा आणि जाळ डोळे दिपवणारा असतो, याचे कारण ही बाहेर पडलेली ऊर्जा आहे.

रिव्हॉल्व्हरमध्ये गळतीचा आणखी एक मार्ग आहे. फिरते चक्र आणि नळी यांच्यात मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढी फट ठेवावीच लागते. नाहीतर चक्र फिरणार नाही. त्या फटीतूनही वायू निसटतो.

मग दारू वाढवली तर? वाढवलेल्या दारूपैकी बराच भाग नळीबाहेर जळेल. जो आत जळेल त्याचा दाब चक्राच्या पातळ भिंतींवर येईल. चक्रात सहा कप्पे बसवायचे असल्याने त्या भिंती हव्या तितक्या जाड करता येत नाहीत. म्हणून आखूड नळीसाठी बार ‘बेताचा’ करायचा म्हणजे दारू वाढवायची नसते. वेळेत जळून पुरी होणारी दारू, तिला साजेशी गोळी आणि तिला साजेशी जागा शोधायची असते.

पुंगळी आखूड झाली

हा शोध किती बारकाईने घ्यावा लागला, याचे उत्तम उदाहरण याच वेब्लीच्या काडतुसाचे आहे. फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने १८८४ मध्ये नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू तयार केली. ब्रिटनमध्ये एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी १८८९ मध्ये कॉर्डाइट बनवले. ते दोऱ्यांच्या आकारात ओढून काढत, म्हणून त्याचे हे नाव पडले. बिनधुराची दारू जवळजवळ सगळी वायूत बदलते. त्यामुळे तेवढ्याच कामासाठी ती काळ्या दारूपेक्षा खूपच कमी लागते.

हा मोठाच फायदा. पण रिव्हॉल्व्हरमध्ये तो अडचण होऊन बसला. वेब्लीच्या काडतुसाची पुंगळी काळ्या दारूसाठी बेतलेली होती. तिची लांबी सुमारे २२ मिलिमीटर होती. त्याच पुंगळीत कॉर्डाइट घातले तर बरीच जागा रिकामी राही. रिकाम्या जागेमुळे सुरुवातीचा दाब कमी भरे. दाब कमी म्हणून कॉर्डाइट संथ जळे. आणि नळी आखूड म्हणून गोळी ते पुरते जळण्याआधीच बाहेर पडे. बोरघाटातल्या सुरुंगाचे जे चक्र आपण पाहिले, तेच इथे उलट्या दिशेने फिरत होते.

१८९७ मध्ये नव्या काडतुसाची पुंगळी सुमारे अडीच मिलिमीटरने आखूड केली गेली. गोळी जवळपास तेवढ्याच वजनाची, शस्त्र तेच. फक्त जागा कमी केली. कॉर्डाइट दाटीत बसले, नीट पेटू लागले आणि बार एकसारखे होऊ लागले. दारू वाढवण्यापेक्षा तिची जागा कमी करणे हा उपाय होता. अडीच मिलिमीटरमागे रॉबिन्सपासूनचे दीडशे वर्षांचे मोजमाप उभे होते.

नवी दारू जुन्या शस्त्राला चालेलच असेही नव्हते. १९१३ मध्ये वेब्लीच्या पुढच्या नमुन्याचे चक्र थोडे जाड करण्यात आले, कारण नायट्रोसेल्युलोजच्या काडतुसांचा दाब त्याला सोसायचा होता. म्हणजे काडतूस बदलले की शस्त्र बदलते, आणि शस्त्र बदलले की काडतूस.

गोळीचा आकारही असाच तपासला गेला. वेग वाढत नाही तर गोळी पसरट करून तिचा घाव वाढवावा, असा एक विचार पुढे आला. १८९८ मध्ये अशी पोकळ तोंडाची गोळी काढली गेली. १८९९ च्या हेग परिषदेने शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घालणारा जाहीरनामा केला आणि १९०० मध्ये ती मागे घ्यावी लागली. पुढे १९३२ मध्ये स्वीकारलेल्या पाच इंची एन्फील्ड रिव्हॉल्व्हरसाठी सुमारे १३ ग्रॅमची साध्या शिशाची गोळी होती. तिच्यावरही याच कारणाने शंका आली. १९३८ मध्ये तिच्या जागी धातूचे कवच असलेली सुमारे साडेअकरा ग्रॅमची गोळी आली. प्रयोगशाळेत जे शक्य आहे ते सगळे करावे का, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे अणुबाँबच्या आधीही उभा राहिला होता.

खडकी, परवाना आणि करवत

बोरघाटातून रेल्वे पुण्याला जोडली गेल्यानंतर सहा वर्षांनी, १८६९ मध्ये, खडकीला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. आजही तो काडतुसे बनवतो. तिथल्या काडतुसाच्या बुडावर ‘के एफ’ ही इंग्रजी अक्षरे ठोकलेली असत. एन्फील्ड रिव्हॉल्व्हरच्या काडतुसावर त्यांच्या जोडीला ‘झेड’ हे अक्षर दिसले, तर आत कॉर्डाइट नसून नायट्रोसेल्युलोजची दारू आहे असे समजायचे. बिनधुराची दारू उष्ण हवेत लवकर खराब होते. म्हणून ती किती दिवस, किती गरम कोठारात ठेवायची याची काळजी हिंदुस्थानात अधिक घ्यावी लागे. कॉर्डाइटचा कारखानाही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निलगिरीच्या थंड डोंगरात, अरवनकाडूला उभारला गेला.

काळ्या दारूकडून काडतुसाकडे झालेल्या या प्रवासाचा एक परिणाम विज्ञानाच्या पुस्तकांत सापडत नाही. काळी दारू गावात कुटता येत होती. सोरा, गंधक, कोळसा आणि अनुभव एवढे तिला पुरे. नायट्रोसेल्युलोजची दारू, पितळेची ओढून काढलेली पुंगळी आणि तिच्या बुडातली टोपी मात्र मोठ्या कारखान्याशिवाय होत नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाचे शस्त्र आणि दारूगोळा परवान्याखाली आणला. पण कायद्याइतकेच बळ या तंत्रातही होते. कोणाच्या हाती बंदूक लागलीच, तरी काडतुसे संपली की ती लोखंडाची कांब. बार भरण्याचे ज्ञान बंदूकवाल्याच्या हातातून निघून कारखान्याच्या भिंतीआड गेले होते.

म्हणूनच सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठवली, तेव्हा त्यांच्याबरोबर काडतुसेही पाठवावी लागली. अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर जे पिस्तूल झाडले, ते याच खेपेतले होते.

१९४२ मध्ये कर्जत तालुक्यात वेगळेच घडले. माथेरानला १९१२ मध्ये जन्मलेले वकील विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल यांनी आझाद दस्ता उभा केला. टाटांच्या जलविद्युत केंद्रांपैकी खोपोलीचे केंद्र खालापूर तालुक्यात आणि भिवपुरीचे कर्जत तालुक्यात. तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला जात असे. दस्त्याने त्या विजेच्या तारा वाहणारे मनोरे पाडले. त्यांचे मुख्य हत्यार बंदूक नव्हते. लोखंड कापण्याची करवत होती. करवतीला परवाना लागत नाही आणि तिची काडतुसे संपत नाहीत. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे दोघे हुतात्मा झाले. एका बाजूला कारखान्याची काडतुसे होती, दुसऱ्या बाजूला ती मिळवणेच दुरापास्त होते. ही विषमता शौर्याची नव्हती; पितळ, रसायन आणि कायदा कोणाच्या ताब्यात आहे याची होती.

ठासणीची बंदूक आजही आहे

कोकणात शेतीच्या संरक्षणासाठी परवाना घेतलेल्या ठासणीच्या बंदुका आजही आढळतात. रानडुकरे आणि वानरे यांच्यापासून पीक राखण्यासाठी त्या ठेवल्या जातात. म्हणजे प्रत्येक बार हाताने भरण्याची १६६१ मधली रीत पूर्णपणे संपलेली नाही. तिच्याबरोबर धोकाही संपलेला नाही. ही शस्त्रे काळ्या दारूसाठी बनलेली असतात. तेवढ्याच मापाची बिनधुराची दारू त्यांत पडली, तर दाब अनेक पटींनी वाढतो आणि नळी भरणाऱ्याच्याच हातात फुटते. ‘दारू ती दारू’ हा समज किती महाग पडतो, हे विद्यार्थ्यांना वरच्या आकडेमोडीवरून सांगता येईल. काडतुसे परवान्याशिवाय बनवणे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार गुन्हा आहे. त्या कायद्यामागे सुव्यवस्थेइतकेच हे भौतिकशास्त्रही आहे, असे म्हणायला हरकत नाही.

काही देशांत परवानाधारक नेमबाज छंद म्हणून स्वतःची काडतुसे भरतात. आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरबाबत त्यांनाही हीच मर्यादा भेटते. नळी एक इंचाने कमी झाली की वेग साधारण २५ ते ५० फूट प्रतिसेकंदाने घटतो. तो दारू वाढवून परत मिळवता येत नाही. कारखानेही आखूड नळीसाठी काडतूस बनवताना लवकर जळणारी आणि कमी जाळ करणारी दारू निवडतात, आणि थोडा वेग गेला हे मान्य करतात.

वर्गात करून पाहण्याजोगे

हे तत्त्व दारूशिवाय, अगदी निर्धोकपणे दाखवता येते. पपईच्या पानांचे पोकळ देठ घ्या. साधारण सारख्या जाडीचे १०, २०, ३० आणि ४० सेंटिमीटरचे तुकडे कापा. मऊ प्लॅस्टिकच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून त्यात देठ बसवा आणि कडेने माती लिंपून हवाबंद करा. ओल्या कागदाची गोळी करून देठाच्या बाटलीकडच्या टोकात बसवा. बाटली टेबलावर आडवी ठेवून देठाचे तोंड मोकळ्या भिंतीकडे करा. समोर कोणी उभे राहू नये. आता एकच पुस्तक दर वेळी ठरावीक उंचीवरून बाटलीवर पडू द्या आणि गोळी किती दूर जाते ते मोजा. प्रत्येक लांबीसाठी पाच वेळा मोजून सरासरी काढा आणि आलेख काढा.

आखूड देठातून हवेचा बराच भाग गोळी सुटल्यावर फुकट बाहेर येतो, हे हाताला जाणवेल. लांबी वाढवत गेले की अंतर वाढते, पण वाढ कमी कमी होत जाते. एका लांबीनंतर घर्षण वरचढ ठरून अंतर घटूही शकते. ती लांबी कोणती हे प्रत्येक गटाला आपल्या बाटलीसाठी शोधू द्या. मग बाटली बदला, गोळी जड करा, पुस्तक जास्त उंचीवरून टाका. दर वेळी सर्वांत चांगली लांबी बदलते का, ते पाहा.

आलेख पुरे झाल्यावर विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारा: देठ १० सेंटिमीटरचाच ठेवायचा अशी अट असेल, तर गोळी दूर पाठवण्यासाठी तुम्ही काय काय बदलाल आणि काय बदलून उपयोग होणार नाही? त्यांची उत्तरे १८९७ मधल्या अडीच मिलिमीटरशी ताडून पाहा.